घरच्यांसोबत बघायला बडी कॉप सिनेमा सुचवा

रविवार_दुपार
शनिवारी आईबाबा आणि आठवीतली भाची, सगळे एकत्र बसणार आहोत. एकमेकांशी अजिबात न पटणारे दोन पोलीस, मारामारी आणि पोटभर हसू असा इंग्रजी सिनेमा हवाय. ‘हॉट फझ’ की ‘रश अवर’ इथे गाडी अडलीय. पहिल्याला समीक्षकांनी डोक्यावर घेतलंय, दुसऱ्याचं कौतुक जरा हातचं राखून केलेलं दिसतं. परीक्षणांवर किती भिस्त ठेवावी?

पडदानशीन
या प्रकारातला माझा सर्वांत लाडका म्हणजे ‘हॉट फझ’ (२००७). पटकथा इतकी घट्ट आहे की सुरुवातीला सहज बोललेलं वाक्य शेवटच्या धुमश्चक्रीत परत येतं आणि आपण उडतोच. पण त्यात चर्चच्या मनोऱ्याचा दगड एका माणसाच्या डोक्यावर कोसळतो, आणि ते सगळं स्पष्ट दाखवलंय. भाचीसोबत नको.

जुना_प्रेक्षक
डोळे झाकून ‘रश अवर’ (१९९८) लावा.

परीक्षणांचं म्हणाल तर या सिनेमाचा त्यांच्याशी गमतीशीर संबंध आहे. ‘रॉटन टोमॅटोज’ ही साइट सेन्ह डुआँग या जॅकी चॅनच्या चाहत्याने १९९८ मध्येच सुरू केली. जॅकीच्या सिनेमांची परीक्षणं तो गोळा करायचा आणि ‘रश अवर’ येणार म्हणून ती एका जागी मांडायची कल्पना त्याला सुचली. तिथली टक्केवारी म्हणजे मार्क नव्हेत. किती समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच ती सांगते. सगळ्यांना ‘बरा आहे’ वाटलेला सिनेमाही शंभर टक्के मिळवू शकतो! त्यामुळे आकडा सोडा, दोन-तीन परीक्षणं पूर्ण वाचा.

अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्टने ‘रश अवर’ला चारपैकी तीन तारे दिले होते. खुद्द जॅकीला मात्र हा सिनेमा फारसा भावला नाही, हे त्याने उघड सांगितलंय. हाँगकाँगमधल्या त्याच्या कामाशी तुलना केली तर मारामाऱ्या तोकड्या आहेत, हे मलाही पटतं. तरी शेवटी शत्रूशी लढता लढता प्रचंड मोठ्या चिनी फुलदाण्या पडू नयेत म्हणून तो जी धडपड करतो, ती बघताना आईबाबा नक्की हसतील. जॅकीचा जोडीदार झालेल्या ख्रिस टकरचे वंशावरचे काही विनोद आज खटकतात, भाचीशी त्यावर जरूर बोला.

तिसऱ्या भागाच्या (२००७) वाटेला जाऊ नका. तिथे समीक्षक तुटून पडले आणि ते योग्यच होतं.

पडदानशीन
+१. आईबाबांना इंग्रजी नको असेल तर महेश कोठारेंचा ‘दे दणादण’ (१९८७) आहेच. मारुतीच्या कृपेने लक्ष्या अचाट ताकदवान होतो, पण लाल रंग दिसला की सगळी शक्ती गायब! वर्दीतली मराठी जोडगोळी म्हटलं की मला आधी हाच आठवतो.

रविवार_दुपार
मनापासून आभार दोघांचे! शनिवारी ‘रश अवर’, रविवारी ‘दे दणादण’.

जुना_प्रेक्षक
उत्तम. नामावली सुरू झाली की लगेच बंद करू नका, चुकलेले शॉट्स तिथेच आहेत.