मदत हवी आहे - पालिकेच्या बातम्या वॉर्डातल्या प्रमुख लोकांपर्यंत वेळेत कशा पोचवायच्या?

नमस्कार मंडळी, आमच्या वॉर्डात सोसायट्यांचे सेक्रेटरी, महिला गटाच्या ताई, दुकानदार संघटनेचे लोक अशा साधारण ६० जणांना पालिकेचे निरोप पोचवायचं काम मी स्वतःहून घेतलंय. व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यात सकाळपासून गुड मॉर्निंग आणि वाढदिवस, त्यामुळे कामाचं वर निघून जातं. मागच्या महिन्यात पाणी बंदची नोटीस आली, ती पण स्कॅन केलेलं आडवं पत्र, तारीख शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात, कोणी उघडलंच नाही आणि सकाळी एक आजी रिकामी बादली घेऊन खाली उभ्या, मला फार वाईट वाटलं. आता मी पत्र आलं की स्वतः चार ओळी टाईप करते, काय बंद, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, फोन कोणाला करायचा, आणि मूळ पत्र खाली जोडते, याने फरक पडलाय खरं.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो ती) करून बघितली पण ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला नाही त्यांना मेसेज जातच नाही. व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करू का? त्यात नंबर एकमेकांना दिसत नाहीत हे चांगलंय, पण लोकांना उलट प्रश्न लिहून विचारता येत नाही, आणि लोकांनी विचारावं हेच तर मला हवंय. की ग्रुपलाच फक्त ॲडमिन पाठवतील असं सेटिंग करून प्रश्नांसाठी वेगळा ग्रुप ठेवू? आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांचं काय करता तुम्ही? कोणी असं काम करत असेल तर प्लीज सांगा.