हाऊस ट्रॅक: घरी बेस गायब, गाडीत नुसता घुमतो. मदत हवी आहे

ठेकेदार:
एबलटनमध्ये (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) हाऊस, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा ट्रॅक करतोय. १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ बीट), ए मायनर. ९०९ ड्रम मशीनची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) चारही बीटवर, क्लॅप दुसऱ्या-चौथ्यावर, बेस आणि ओपन हॅट (झांज) ऑफबीटवर, म्हणजे दोन बीटच्या मधोमध. बेस साधा सॉ-वेव्ह, वरचे सूर कापणारा लो-पास फिल्टर लावलेला. घरी ५ इंची मॉनिटर स्पीकरवर बेस जाणवत नाही म्हणून वाढवला, तर गाडीत घुमतो आणि किक दबते. किकमधून ६० हर्ट्झ कापून पाहिलं, किकच मेली. खोली १० बाय १० फूट, टेबल मधोमध. काय चुकतंय?

खर्ज:
६० हर्ट्झ कापणारा तो ईक्यू आधी काढा. १२४ला एक बीट ४८४ मिलिसेकंदांचा, म्हणजे ऑफबीट २४२वर. किकचं शेपूट त्याहून लांब असेल तर ते नेमकं बेसच्या सुरावर चढतं. किक १८०-२०० मिलिसेकंदांपर्यंत छाटा, शेवटी ५-१० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टिक ऐकू येईल.

मग सूर. तुमचा खालचा ए ५५ हर्ट्झचा. किक ५२वर स्थिरावत असेल आणि दोन्ही एकत्र वाजले, तर सेकंदाला तीनदा आवाज फुगतो-बसतो. कंप्रेसर बिघडल्यासारखं वाटतं. एबलटनच्या स्पेक्ट्रमचा (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज ते दाखवणारं साधन) ब्लॉक साइज १६३८४ ठेवून बघा, कमी ब्लॉकला इतका फरक दिसत नाही. ५२ निघाली तर ट्रान्सपोज +१ (अर्धा सूर वर), थेट ५५.

मंद्रसप्तक:
साइडचेनही लावा, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दाबणारा कंप्रेसर: रेशो ४:१, अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत, रिलीज १२० मिलिसेकंद, ४-५ डीबी दबेल इतपत. अटॅक १०वर ठेवला की किकचा ठोका बेसमध्ये बुडतो.

खर्ज:
किक छाटल्यावर ऑफबीट बेसला साइडचेन फारशी लागत नाही. फेसबुकवरचे सगळे तीच सांगतात म्हणून लावू नका.

भिंतीलाकान:
मूळ दुखणं खोलीत आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, ३४३ भागिले ६.१, साधारण ५६ हर्ट्झ. या लांबीची उभी लहर तिथे बनते आणि खोलीच्या मधोमध तिचा दाब जवळपास शून्य. तुमचा ए ५५ला आहे आणि तुम्ही बसलाय बरोबर मध्ये. त्यात खोली चौरस, सगळ्यात वाईट आकार. ५५ची साइन (एकाच हर्ट्झचा शुद्ध सूर) हळू आवाजात लावा आणि उठून भिंतीपाशी जा.

ठेकेदार:
लावली. खुर्चीत जेमतेम ऐकू येते, भिंतीपाशी भणभणते! फोम आणू का?

भिंतीलाकान:
नको. ५६ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब, इंचभर फोम तिला काय करणार? अंड्याचे ट्रे तर विसराच. टेबल भिंतीला लावा, डोकं समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येईल असं बसा, डावी-उजवीकडे मात्र मध्यातच. बेसची पातळी हेडफोनवर, आवडत्या ट्रॅकशी ताडून ठरवा. तो ट्रॅक मास्टर झालेला (शेवटच्या टप्प्यात आवाज वाढवलेला) असतो, त्याचा आवाज आधी ६-८ डीबी उतरवा.

मंद्रसप्तक:
लो-पास थोडा उघडा, हलकं सॅच्युरेशन (वरचे सूर भरणारं सौम्य डिस्टॉर्शन) द्या. ५५ची दुप्पट-तिप्पट, ११० आणि १६५ हर्ट्झ वर आले की छोट्या स्पीकरवरही बेस कळतो. रोलंडच्या ३०३ या बेस यंत्राचा आवाज म्हणूनच उठून येतो. (शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७मध्ये ते यंत्र गाजवलं, मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२मध्येच आपल्या रागांच्या रेकॉर्डवर ते वापरलं होतं.) आणि १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये सारखंच) ठेवा.

ठेकेदार:
किक ५२च निघाली. +१ केली, टेबल आज हलवतो.