जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो: आपले अनुभव लिहा

रानवाट: वनस्पतीशास्त्र शिकणाऱ्या भाचीने कास पठाराचे जुने फोटो मागितले, म्हणून काल कॅनन पॉवरशॉट ए-६२० ने काढलेले २००७ चे फोल्डर उघडले. पश्चिम घाटासोबत कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि पठारावर पुढे कुंपणही आले, पण या फोटोंत माणसे अगदी तेरड्याच्या ताटव्यालगत उभी आहेत. सीतेची आसवे हे फूल जमिनीला इतके लगटून असते, की त्याच्या पातळीवर जायचे तर चिखलात लोळावे लागावे. या कॅमेऱ्याचा पडदा मात्र बाहेर उघडून वर वळवता येई, त्यामुळे उकिडवे बसून काम भागत असे. चार पेन्सिल सेलचे वजन खिशाला जाणवायचे, ही एकच तक्रार. आपल्या जुन्या कॅमेऱ्यातून काय निघाले?

गडकरी_नाशिक: आमच्याकडे तारखांचा घोळ निघाला. सेल बरेच दिवस काढून ठेवले की घड्याळ मूळ तारखेवर जाई, त्यामुळे घरच्या गणपतीची आरती चक्क १ जानेवारीला झालेली दिसते. शेवटी मखरामागच्या भिंतीवरचे कालनिर्णयचे पान मोठे करून महिना आणि साल वाचले.

शेवंता: बाबांनी कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून सगळे ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) लहान आकारात काढले. आता आजी नाही आणि तिचा मनमोकळा हसतानाचा एकमेव फोटो त्यातच आहे. भिंतीवर लावण्याइतका तो मोठा होणार नाही, असे स्टुडिओवाल्याने सांगितले.

रानवाट: शेवंताताई, वाईट वाटले. इंचाला दीडशे ठिपके धरले तरी तो सव्वाचार इंच रुंद छापता येईल, म्हणजे टेबलावरच्या छोट्या चौकटीत नक्की बसेल. मूळ फाइल मात्र व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, पेनड्राइव्हवर न्या.

मुक्काम_पोस्ट_चिपळूण: आमच्या काकांना सेल्फ टायमरचा भारी विश्वास. दहा सेकंदांत ओटीवरून अंगणात पोहोचायचे म्हणून ते धावत, त्यामुळे लग्नसमारंभाच्या प्रत्येक सामूहिक फोटोत सगळे सावधान उभे आणि कडेला एक धोतर हवेत.

गडकरी_नाशिक: काकांचा फोटो टाकाच!

मुक्काम_पोस्ट_चिपळूण: टाकतो, पण तो ऑलिंपसच्या एक्सडी कार्डात आहे आणि नव्या लॅपटॉपला ते कार्ड घालायला खाचच नाही. पुण्यात असे कार्ड वाचणारा रीडर अजून कुठे मिळतो का?

शेवंता: जुना मल्टिकार्ड रीडर असेल तर त्यावर ‘एक्सडी’ अशी खूण असलेली खाच पाहा. रानवाट, चौकटीची कल्पना आवडली. उद्या पेनड्राइव्ह घेऊन जाते.