वणव्यानंतरची तीन-चार वर्षं चर्च आणि देवस्थानांनी सांभाळावीत का?

सड्यावरचा:
वणव्यात बाग जळते, वणवा विझतो, तलाठी पंचनामा करतो, आठवडाभर मदत येते आणि विषय संपतो. काजूचं नवं कलम फळ धरायला मात्र तीन-चार वर्षं लागतात, हापूसला त्याहून जास्त. तोवर घर कशावर चालायचं?

कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव ८ नोव्हेंबर २०१८ च्या आगीत जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांवर इमारती गेल्या. बातम्या थांबल्यावरही तिथे ज्यांनी काम सोडलं नाही, त्यांत चर्चच्या संस्था होत्या. तिकडची पद्धत अशी, की प्रत्येक कुटुंबाची फाइल एका प्रशिक्षित कार्यकर्त्याकडे असते. तो आधी विमा, मग सरकारी मदत, मग कर्ज असे सगळे मार्ग धुंडाळतो. त्यातूनही जे भागत नाही, तेवढंच सगळ्या संस्थांच्या बैठकीत मांडलं जातं. कोणी पैसे देतं, कोणी सामान देतं, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची संस्था घरं बांधायला स्वयंसेवक पाठवते. एकाच घराला दोनदा मदत जाणं आणि शेजारचं घर सुटणं, दोन्ही त्यामुळे टळतं.

आपल्याकडे सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) २००५ पासून आहे. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणात चर्च आहेत. त्यांनी पुढाकार घ्यावा, देवस्थानांनी सोबत बसावं, असं मला ठामपणे वाटतं.

कातळ:
मला पटत नाही. तिथे घरं जळाली, विम्याचे पैसे आले, उरलेली गरज संस्थांनी भागवली. इथे बाग जळते आणि गरज जवळजवळ सगळीच उरते. आपत्तीच्या मदतीच्या २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये होते, तेही २ हेक्टरांपर्यंत. ७ बाय ७ मीटरवर हेक्टरी सुमारे २०० काजू बसतात. म्हणजे मदत मिळालीच, तर झाडामागे ११० रुपयांच्या आसपास. एवढी तूट एखादा पॅरिश, म्हणजे एका चर्चची गावातली मंडळी, कशी भरणार?

दुसरं, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. मग एकत्र निधी कसा करणार? आणि कितीही स्वच्छ काम केलं, तरी ‘आधी आपल्या माणसांना दिलं’ हे गावात ऐकावं लागतंच. हे काम गावकीचं आणि ग्रामपंचायतीचं आहे. पैसे असतील तर पावसाळा संपताच गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढण्यावर घाला.

कलमवाला:
दोघेही पैशावर बोलताय. जळक्या बागेतली पहिली चूक पैशाची नसतेच, कोयत्याची असते. पानं करपली की माणूस घाईने झाड तोडतो. साल जरा खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पावसानंतर पालवी कुठून येते ते बघूनच मेलेली फांदी काढायची.

कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट हा बुरशीनाशक लेप लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नको. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. सावली गेलेल्या उघड्या खोडाला चुना फासा, नाहीतर उन्हाने साल तडकते.

खरी फसगत पुढे होते. कलमाच्या सांध्याखालून फुटवा येतो, झाड हिरवं दिसतं, सगळे खूश होतात. पण तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा फुटवा; हापूसच्या जागी रायवळ, साधा गावठी आंबा. त्यातला जोमदार एक ठेवून त्यावर पुन्हा कलम बांधावं लागतं. काजूत दुर्बळ झाडाला खोडकिडा लागतो. बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला की लगेच अळी काढायची, उशीर झाला तर झाड जातं. पंचनाम्यात हे काहीच येत नाही. तीन वर्षं झाडागणिक नोंदवही ठेवणारं कोणीतरी हवं. ते चर्च असो नाहीतर सातेरीचं देऊळ, मला फरक पडत नाही.

सड्यावरचा:
कातळ, परदेशी पैशाचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून निधी एकत्र करूच नये, फक्त यादी एकत्र करावी. ज्या संस्थेने जी बाग घेतली, तिने रोपवाटिकेचं बिल थेट भरावं. रोख कोणाच्याच हातात नको, फादरच्याही नाही आणि मानकऱ्यांच्याही नाही. कोणाला काय मिळालं ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पक्षपाताच्या शंकेला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

कातळ:
यादीचं मान्य. पण ट्रस्टच्या घटनेत असा उद्देश आहे का, हे प्रत्येकाने आधी तपासावं, नाहीतर हिशेब तपासणीत अडकाल. आणि माणसं? वणवा पेटतो तेव्हा आंबा उतरवायचा हंगाम असतो, पालवी येते तेव्हा भाताची लावणी. चर्चची मुलं काय, देवळाची काय, शेतातच असणार.

कलमवाला:
म्हणून जूनमध्ये नुसत्या खुणा करायच्या: सांध्याच्या वर फुटलं तर पांढरा पट्टा, खालून फुटलं तर लाल. बागेचा मालकच करील, त्याला वेगळा माणूस नको. लावणी आटोपल्यावर ऑगस्टमध्ये कलम बांधणारा आणि दोन मदतनीस फक्त लाल पट्ट्यांपाशी जातील. तोवर फुटवा बांधण्याजोगा झालेला असतो. कलम बांधणाऱ्याची मजुरी आणि बांधायच्या हापूसच्या काड्या, एवढं चर्चने किंवा देवस्थानाने उचललं तरी यंदाचं काम होईल.