फॉरेन्सिक सायकिअ‍ॅट्रिस्टला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी फोर्टात भाषांतराची कामं करते, बहुतेक कोर्टाचे कागद. सध्या हातात एका अमेरिकन डॉक्टरांचा अहवाल आहे. सहीखाली ‘बोर्ड सर्टिफाइड फॉरेन्सिक सायकिअ‍ॅट्रिस्ट’ असं आहे, म्हणजे कोर्टासाठी माणसाची मानसिक तपासणी करणारे डॉक्टर. ‘न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञ’ लिहून पाहिलं, पण न्यायवैद्यक म्हटलं की शवविच्छेदनच डोळ्यांपुढे येतं. हे डॉक्टर तर जिवंत माणसाशी तासन्‌तास बोलतात. ‘न्यायिक’ चालेल का? आणि ‘बोर्ड सर्टिफाइड’चं काय करू?

सत्र न्यायालयातले निवृत्त कर्मचारी

ताई, ‘न्यायिक’ नको. न्यायिक कोठडी, न्यायिक अधिकारी, न्यायिक चौकशी, या सगळ्यांत न्यायसंस्थेचा अधिकार आहे. तो शब्द डॉक्टरांना लावला तर निकाल तेच देणार असं वाटेल. त्यांची जागा तज्ज्ञ साक्षीदाराची. तज्ज्ञांच्या मतासाठी पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९. मत डॉक्टरांचं, ते किती धरायचं हे न्यायाधीश ठरवतात.

कालिन्याच्या प्रयोगशाळेचं नाव आठवा: न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. ‘सहायक’मध्ये सगळं आलं. मूळ लॅटिन ‘फोरेन्सिस’ म्हणजे फोरममधलं, आणि रोमचा फोरम म्हणजे जिथे चारचौघांसमोर तंटे चालत तो चौक. आपल्या चावडीसारखाच. म्हणजे या शब्दाचा प्रेताशी मुळात काहीच संबंध नाही.

मनोविकारतज्ज्ञ, ठाणे

‘न्यायसहायक मनोविकारतज्ज्ञ’ला माझंही मत. फक्त ‘मानसशास्त्रज्ञ’ लिहू नका. वर्तमानपत्रांत दोघांनाही ‘मानसतज्ज्ञ’ म्हणून मोकळे होतात, पण मनोविकारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो.

अहवालात आणखी एक जागा जपा. कोर्ट आम्हाला दोन वेगळे प्रश्न विचारतं. गुन्ह्याच्या वेळी मनाची अवस्था काय होती, हा एक. आणि आज या माणसाला खटला समजतो का, वकिलाला स्वतःची बाजू सांगता येते का, हा दुसरा. ‘वेडा’ म्हटलं की दोन्ही एकाच गोणीत जातात. पहिल्या प्रश्नावर माणसाला गुन्ह्यातून सूट देणारं दंड संहितेचं कलम ८४, त्याच्या मराठी पाठात शब्द होता ‘मनोविकल’. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२मध्ये आहे. मुळं इंग्लंडातल्या १८४३च्या मॅक्नॉटन खटल्यात. नुसतं आजारपण तिथे पुरत नाही. आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं वा कायद्याविरुद्ध आहे, हे कळण्याची कुवत त्या क्षणी नसावी लागते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात स्किझोफ्रेनियाची कितीतरी माणसं येतात. ती मनोरुग्ण आहेत, पण कायद्याच्या अर्थाने मनोविकल नाहीत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी आले की खरोखर कुणाचं तरी नुकसान होतं, म्हणून इतकं लिहिलं.

प्रश्नकर्ती

मी दोन्हीकडे ‘मनोरुग्ण’च लिहिलं होतं! आजच बदलते. ‘बोर्ड सर्टिफाइड’ला ‘सनदप्राप्त’ कसं वाटतं?

सत्र न्यायालयातले निवृत्त कर्मचारी

सनद म्हणजे व्यवसाय करण्याची परवानगी, वकिलीची सनद तशी. तिकडे तो परवाना राज्य देतं ना?

मनोविकारतज्ज्ञ, ठाणे

हो, परवाना राज्याचा. बोर्डाचं प्रमाणपत्र त्यावरचं, ऐच्छिक. मनोविकारशास्त्राची चार वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, त्यानंतर न्यायसहायक शाखेचं एक वर्षाचं खास प्रशिक्षण (फेलोशिप), मग परीक्षा. १९७६मध्ये या शाखेसाठी वेगळं बोर्ड निघालं होतं. १९९४पासून अमेरिकन बोर्ड ऑफ सायकिअ‍ॅट्री अँड न्यूरॉलॉजी परीक्षा घेतं. म्हणून ‘प्रमाणित’. ‘मंडळ-प्रमाणित’ मात्र नको, मुंबईत मंडळ म्हटलं की दहावी-बारावी नाहीतर गणपती. बोर्डाचं पूर्ण नाव द्या. ‘दाखला’ही टाळा, दाखला डॉक्टर दुसऱ्याला देतात.

प्रश्नकर्ती

शेवटची शंका. ज्याची तपासणी झाली त्याला मी ‘रुग्ण’ म्हटलंय.

मनोविकारतज्ज्ञ, ठाणे

तो काढाच. रुग्ण डॉक्टरवर विश्वासून बोलतो आणि ते आमच्यापाशी राहतं. इथे तपासणीच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं की मी तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही, तुम्ही सांगाल ते अहवालात जाऊ शकतं. ‘अशील’ही नाही, तो वकिलाचा. मी ‘तपासणी झालेली व्यक्ती’ लिहितो. लांब आहे, पण खरं आहे.