पौर्णिमा आणि कॅज्युअल्टीतली गर्दी

बी-३०४ काकू: चौकशी केलीत, सगळ्यांचे आभार. यांना आता बरं आहे, स्टेंट टाकला. छातीत रात्री अकरालाच भरून आलं होतं. पण पौर्णिमा, हॉस्पिटलात रीघ असणार, म्हटलं सकाळी नेऊ.

ए-१०२ काका: योग्य केलंत वहिनी. पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, आणि माणसाच्या अंगातही पाणीच जास्त. त्या रात्री पेशंट वाढणारच.

सी-२०१ सिस्टर ताई: काका, राग मानू नका, पण हे योग्य नाही झालं. इतकी वर्षं कॅज्युअल्टीत रात्रपाळी करतेय. आमच्यातही म्हणतात, "आज पुनव, झोप विसरा." गर्दी झाली की सगळ्यांना चंद्र आठवतो. पौर्णिमेची रात्र शांत गेली तर कुणी विषयही काढत नाही.
अमेरिकेत हे मोजलंय, १९९६ साली छापून आलं. ४ वर्षं, ४९ पौर्णिमा, १,५०,९९९ पेशंट. एकूण पेशंट, अ‍ॅम्ब्युलन्सच्या फेऱ्या, वॉर्डात दाखल झालेले, कशातच पौर्णिमेला फरक सापडला नाही.
आणि उधाण अमावस्येलाही तेवढंच येतं. समुद्र अफाट म्हणून दिसतं, आपल्या विहिरीला कधी भरती आलेली पाहिलीत?

बी-५०१ दादा: पण ताई, होळीला तुमच्याकडे रांग लागतेच ना? तीही पौर्णिमाच.

सी-२०१ सिस्टर ताई: लागते. डोळ्यात रंग गेलेले, दारू पिऊन गाडीवरून पडलेले. लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते, तेव्हा फटाक्यांनी भाजलेले येतात. पुढच्या अमावस्येला का नाही येत? तिथी तीच, फटाके नसतात.

ए-१०२ काका: हं. हा विचार केला नव्हता.

सी-२०१ सिस्टर ताई: आणि गर्दी असली तरी छातीत दुखणारा माणूस रांगेत थांबत नाही. त्याचा ईसीजी आधी काढतात. रक्तवाहिनी बंद असते तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरत असतो. रात्रीचे दोन वाजलेले असोत, अवस असो, १०८ ला फोन करा. नाहीतर माझी बेल वाजवा.

बी-३०४ काकू: पौर्णिमेचं मीच काढलं गं. ते निघायला तयार होते. मग रात्रभर त्यांची पाठ चोळत बसले.

सी-२०१ सिस्टर ताई: काकू, तुम्ही रात्रभर जाग्या होतात, आता थोडं पडा. दुपारचा डबा मी पोचवते. काकांना मऊ भात चालेल ना?