को लांता: डबलसीट स्कूटरवर नॅशनल पार्कपर्यंत जाता येईल का?

प्रश्न: डिसेंबरात थायलंडमधल्या क्राबीहून को लांता बेटावर जातोय. बायको मागे बसणार. दक्षिणेकडचे किनारे आणि पार्क स्कूटरवर जमेल?

नाशिककर: बिनधास्त जा. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात. क्लोंग निनचा किनारा मागे पडला की गर्दी ओसरते नि चढ-उतार सुरू होतात. पार्काजवळचे उतार चांगलेच खडे आहेत, त्यामुळे १२५ सीसीच घ्या, आणि निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. टोकाला पांढरं दीपगृह. त्याच्या एका बाजूला वाळूचा किनारा, दुसरीकडे नुसते दगड. माकडं मात्र सप्तशृंगीवरच्यांची सख्खी भावंडं! हुकाला पिशवी लटकवलीत की गेलीच.

प्रश्नकर्ता: आपलं लायसन्स चालतं ना?

घाटपायथा: आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, त्यावर दुचाकीची नोंद आहे ना बघा. काही झालं तर विमावाले आधी तेच मागतात. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवू नका, रोख द्या.

नाशिककर: +१. येताना क्लोंग निनहून पूर्वेला वळा. ओल्ड टाउनची लाकडी घरं खांबांवर, थेट समुद्रावर उभी आहेत. जेवण तिथेच उरका.